कुशीवर हो

१

साइटवर त्याला सगळे 'मिशी' म्हणत. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये तो एकदा चढून बसला की खालच्यांना त्याचं काहीच दिसत नसे. पण शिडीपाशी डबा घेऊन उभा असला की माणसाआधी मिशी नजरेत भरायची. त्यामुळे वॉकी-टॉकीवर सिग्नलवाल्याचं एकच चालायचं, "मिशी, हळू घे. मिशी, डावीकडे. मिशी, सोड."

माल आणणाऱ्या मोठ्या गाड्यांना शहरात रात्रीच सोडत, म्हणून त्याची पाळी रात्रीची आणि झोप दिवसाची. कित्येक वर्षांचा हाच शिरस्ता. सकाळी यायचं, अंघोळ करायची, दोन घास खायचे आणि पोरीच्या छोट्या खोलीत जाऊन आडवं व्हायचं. पोरगी नोकरीला परगावी गेली होती, आणि त्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत असल्याने भरदुपारीही तिथे अंधार असे.

बाहेरच्या खोलीत बायको पडदे शिवत बसायची. "आमच्याकडे दोन मशिनं चालतात," ती गिऱ्हाइकांना सांगायची. "माझं निदान तेल घातलं की गप्प बसतं."

त्याचं घोरणं साधंसुधं नव्हतं. चढत चढत टोकाला जायचं आणि तिथेच एकदम थांबायचं. श्वासही थांबायचा. मग बायको पायडलवरचा पाय उचलायची. वाट बघायची. नाहीच सुरू झालं, तर उठून आत जायची, खांद्यावर थोपटायची आणि म्हणायची, "कुशीवर हो रे, कुशीवर हो." तळातून वर आल्यासारखा तो हवा ओढायचा, वळायचा, घोरणं सुरू, आणि बाहेर शिलाई पुढे सुरू. दिवसातून कितीदा तरी. त्याला यातलं काही ठाऊक नसायचं. तो झोपलेला.

मग एका रात्री सळयांची मोळी अधांतरी असताना त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा वॉकी-टॉकीत सिग्नलवाला नुसता ओरडत होता, आणि मोळी भरकटत जाऊन, जेवायला बसलेल्या गवंड्यांच्या डोक्यावर उभी होती. कुणाला खरचटलंही नाही. पण सकाळी सुपरवायझरने शिडीच्या दाराला कुलूप घातलं आणि म्हणाला, "आधी डॉक्टर. मग क्रेन."

२

डॉक्टरांनी त्याला अंगभर वायरी लावून झोपवलं आणि नंतर समोर बसवून सांगितलं, "झोपेत तुमचा घसा मिटतो. श्वास अडतो, शरीर दचकून तुम्हाला उठवतं, तुम्ही परत झोपता. तुम्हाला आठवतसुद्धा नाही."

"म्हणजे मी झोपत नाही?"

"नाही."

"मग रोज गादीवर पडून करतो काय?"

"झुंजता," डॉक्टर म्हणाले आणि मशीन लिहून दिलं.

मशीन म्हणजे उशापाशी ठेवायची एक छोटी पेटी. तिच्यातून नळी निघते, नळीच्या टोकाला मास्क, आणि मास्कमधून सारखी हवा येत राहते, म्हणजे घसा मिटत नाही. सांगायला सोपं. मास्कच्या दुकानातल्या बाईंनी पहिला दिला तो नाकाच्या हाडावर टेकायचा. त्यातून हवा निसटून सरळ डोळ्यांत जाई आणि तो रडवेला होऊन उठे. दुसऱ्याला नुसत्या दोन रबरी बोंड्या होत्या, नाकपुड्यांत बसणाऱ्या. त्या बऱ्या होत्या, पण झोपेत तोंड उघडलं की सगळी हवा तोंडावाटे बाहेर, आणि जीभ लाकडासारखी. तिसरा नाक-तोंड दोन्ही झाकणारा. तो लावून बघताच मिशीतून हवा फुर्रफुर्र निघायला लागली. सोबत आलेली बायको हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली.

मास्कवाल्या बाई मात्र हसल्या नाहीत. रोजचंच होतं त्यांचं. "मिशी की झोप," त्या म्हणाल्या. "एक काहीतरी ठेवा."

त्याने मिशी काढली. साइटवर सगळे हसले. सिग्नलवाल्याने विचारलं, "आता हाक काय मारायची?"

"मिशीच म्हण. माणूस जातो, नाव राहतं."

छोट्या खोलीत मशीनला धड प्लगही नव्हता आणि टेबल मावत नव्हतं. म्हणून त्याने मुक्काम मोठ्या खोलीत हलवला. बायकोने तिथे जाड, काळे पडदे शिवून लावले.

३

पट्टे कुठे सैल, कुठे घट्ट, हे जुळवण्यात काही दिवस गेले. गालांवर वळ उठायचे. आपण कुणाच्या तरी मुठीत आहोत असं वाटून तो मास्क ओरबाडून काढायचा, परत लावायचा. आणि मग एक दिवस ते जमलं. डोळे मिटले आणि उघडले, मध्ये काहीच नव्हतं. पडद्याच्या फटीतून संध्याकाळचं पिवळं ऊन जमिनीवर आलं होतं. डोकं हलकं होतं. भूक लागली होती, ती सुद्धा लहानपणी लागायची तशी.

तो बाहेर आला. बायको शिलाईच्या मशीनवर होती.

"अगं, झोपलो मी," तो म्हणाला. स्वतःच्याच आवाजाचं त्याला नवल वाटलं.

"आज बरं होतं," ती दोरा तोडत म्हणाली. "दोनदाच उठावं लागलं."

"कशाला?"

"तुला हलवायला."

त्याला वाटलं, मास्क सरकला असेल. पण जाग आली तेव्हा मास्क तर जागच्या जागी होता. त्याने फार डोकं चालवलं नाही. पोट भरून जेवला.

४

पुढच्या आठवड्यात एकदा तो आडवा झाला पण लगेच डोळा लागला नाही. मास्कमध्ये आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो, एकसारखा, शांत. त्याच्या पलीकडे पेटीची हलकी घरघर, आणि तिच्या पलीकडे, दाराबाहेर, बायकोची शिलाई.

शिलाई थांबली.

बॉबिनमधला दोरा संपला असेल. पण मग खुर्ची सरकली. तिची पावलं आली. त्याने डोळे मिटून घेतले; आपण जागे दिसलो तर तिला वाईट वाटेल असं वाटलं. पावलं दाराशी आली आणि न थांबता पुढे गेली. छोट्या खोलीचं दार कुरकुरलं.

"कुशीवर हो रे," ती हळूच म्हणाली. "कुशीवर हो."

मग कुणीतरी हवा ओढली. खोल, घशातून, पाण्याबाहेर डोकं काढल्यासारखी.

पावलं परत गेली. शिलाई सुरू झाली. त्याने मास्क काढून कान दिला. शिलाईचाच आवाज येत होता, बाकी काही असेल तर त्याच्याखाली दबलेलं. शेजारच्या इमारतीत कुणी झोपत असेल, भिंतीला भिंत लागून आहे. मास्क लावला की कानांना दडे बसल्यासारखं होतं, कुठला आवाज कुठून येतो कळत नाही. ही दोन्ही कारणं पटण्यासारखी होती. त्याने मास्क लावला आणि ती मनात घोळवत पडून राहिला.

संध्याकाळी बायको ओट्यापाशी कांदा चिरत होती.

"छोट्या खोलीत गेली होतीस आज?"

"हो."

"कशाला?"

"थांबला होता ना."

"कोण?"

तिने सुरी थांबवली. आज वार कोणता असं कुणी विचारल्यावर आपण गोंधळतो, तशी गोंधळली. "अरे, इतक्या वर्षांची सवय. घोरणं थांबलं की पाय आपोआप थांबतो. मग मी जाते."

"मी मोठ्या खोलीत असतो."

"ते माहितेय मला."

"मग तिथे कोण असतं?"

"अंधार असतो तिथे. दिवा मी कधीच लावत नाही, झोपमोड होते."

मग त्याने विचारलं, "हाताला काय लागतं तुझ्या?"

"खांदा."

"गरम असतो?"

"आधी नसतो," ती म्हणाली. "मग होतो." आणि पुन्हा चिरायला लागली. "नाकाखाली हात धरते ना मी, श्वास येतोय का बघायला. तेव्हा मिशी टोचते."

त्याचा हात आपोआप स्वतःच्या ओठावर गेला. ओठ गुळगुळीत होता.

५

त्याने दिवा लावून छोटी खोली बघितली. पोरीची कॉट, पोरीचं कपाट, शाळेत मिळालेला एक चषक. चादर ताणलेली. उशीला मधोमध खळगा होता. त्याने उशी झटकली, फुगवून ठेवली, दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या उशीखाली घेतली. बायकोचं मन थकलं आहे, असा त्याने निष्कर्ष काढला. वर्षानुवर्षं कुणाच्या श्वासावर कान ठेवून बसायचं म्हणजे गंमत नाही.

दुसऱ्या दिवशी शिलाई थांबल्याने त्याला जाग आली. पावलं गेली. कुलूप खडखडलं. पुन्हा खडखडलं. मग ती धावतच आत आली आणि त्याचा दंड धरून हलवायला लागली.

"किल्ली दे."

त्याने मास्कमधून काहीतरी म्हटलं.

"किल्ली दे! लवकर दे!"

ती चिडली नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला काय समजवायचं याचा तो विचार करत होता, तेवढ्यात त्याला भिंतीपलीकडची शांतता ऐकू आली. रिकाम्या खोलीची नव्हती ती. घोरणं टोकाला जाऊन जिथे थांबतं, तिथली होती. पुढचा श्वास येणारच असं वाटत राहतं, आणि येत नाही. ही बाई इतकी वर्षं हे ऐकत होती, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्याने किल्ली दिली.

कुलूप निघालं. "कुशीवर हो, कुशीवर हो रे." बराच वेळ काही नाही. मग तो ओढलेला श्वास.

ती परत आली आणि किल्ली टेबलावर ठेवली. "पुन्हा लावू नकोस," एवढंच म्हणाली.

६

त्याचं मात्र छान चाललं होतं. शिडी चढताना धाप लागेनाशी झाली. पहाटेपर्यंत नजर स्वच्छ राहायची. दहा वर्षांनी लहान दिसतोस, असं सुपरवायझर म्हणाला. मास्कची आता सवय झाली होती. कधीकधी तर लावला आहे की नाही हे चाचपून बघावं लागे.

बायको वाळत चालली. शिलाई तासन्‌तास बंद असायची. "आता जास्त वेळ थांबतो," ती एकदा म्हणाली. "पूर्वी असा नव्हता."

एक दिवस त्याने मास्क लावलाच नाही. तिला आराम पडेल म्हणून. त्या दिवशी छोट्या खोलीतून कसलाच आवाज आला नाही. ती त्याच्याच उशाशी आली, त्यालाच थोपटलं, आणि मधल्या वेळात गुणगुणत पडदे शिवत राहिली. संध्याकाळी ती त्याच्याकडे बघून मनापासून हसली. पण त्याचं डोकं दगड झालं होतं, आणि त्या रात्री वॉकी-टॉकीतून आवाज आला, "मिशी, झोपलास काय?" खाली माणसं होती. हे काही रोज चालण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने मास्क लावला.

घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं की हळूहळू सगळे त्याच्या बेताने वागायला लागतात. तसंच झालं. दार आपटायचं नाही, त्या बाजूला मोठ्याने बोलायचं नाही. याबद्दल दोघांत चर्चा अशी झाली नाही.

७

पोरगी जिन्यावरून घसरली आणि पाय मोडून बसली. बायकोला जाणं भाग होतं. बॅग भरता भरता तिने त्याला सगळं सांगितलं. डाळ कुठल्या डब्यात आहे, दूधवाला कधी येतो, पडदे न्यायला कोण येणार आहे.

"आणि थांबला की जायचं," ती म्हणाली. "जोरात हलवू नकोस, घाबरतो. खांद्यावर थोपटायचं. कुशीवर हो म्हणायचं. वळतो."

"आणि नाही वळला तर?"

"वळतो," ती म्हणाली आणि बॅग उचलली.

पहिल्याच दुपारी घोरणं थांबलं. आता मध्ये शिलाई नव्हती, त्यामुळे ते स्पष्ट ऐकू आलं होतं; चढत गेलेलं, तुटलेलं. तो पडून राहिला. इतके दिवस स्वतःला दिलेल्या सगळ्या पटणाऱ्या कारणांची मनात उजळणी केली. रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू केली, वरच्या मजल्यावर नळ वाहत होता. शेवटी मास्क काढून तो उठला आणि अनवाणी गेला.

त्याने दिवा लावला नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. डोळे अंधाराला सरावले तेव्हा कॉटवर चादरीचा उंचवटा दिसला. चादरीबाहेर एक पाऊल आलं होतं. टाच भेगाळलेली, आणि तळव्याच्या मधोमध आडवा घट्टा, रोज शिडीच्या गजावर पाय देणाऱ्याला पडतो तसा. त्याच्या वर त्याने बघितलं नाही.

चाचपत त्याने हात ठेवला. खांदा होता. थंडीत पहाटे शिडीचा गज लागतो, तितका गार.

"कुशीवर हो," तो म्हणाला.

काही नाही.

"कुशीवर हो रे."

हाताखाली खांदा भरून आला. श्वास ओढल्याचा आवाज त्याच्या अगदी कानाशी झाला. खांद्यात ऊब चढत गेली, कॉट करकरली आणि ते वजन वळलं. भिंतीकडे नाही, त्याच्याकडे. तो तोंड फिरवून बाहेर आला आणि दार ओढून घेतलं.

त्या दुपारी तो चारदा उठला. दुसऱ्या दुपारी त्याहून जास्त.

८

आठवडा असाच गेला. त्याची झोप पुन्हा पहिल्यासारखी झाली, म्हणजे झालीच नाही. फोनवर पोरीचा पाय कसा आहे ते सांगून झाल्यावर बायको दरवेळी विचारायची, "आणि तो?" तो म्हणायचा, "बरा आहे."

मग सुपरवायझरने सांगितलं, उद्या रात्री गच्चीवरचं एसीचं मोठं मशीन चढवायचं. इतकं वजन या साइटवर अजून उचललेलं नव्हतं. वर बसवायला माणसं, खाली दोर धरायला माणसं. "नीट झोपून ये," तो म्हणाला. "तुझ्या भरवशावर आहे सगळं."

सकाळी घरी येऊन त्याने मास्क धुतला, पुसला, लावला. गालांवर तो अलगद बसला, कुठे टोचलं नाही, कुठून हवा निसटली नाही. घोरणं सुरू होतं. चढत गेलं. थांबलं.

त्याने वाट बघितली. वर-खाली उभी राहणार होती ती माणसं त्याच्या डोळ्यांसमोर आली. ती खरी होती. त्यांची तोंडं, त्यांचे डबे त्याला माहीत होते. पलीकडे काय होतं? एक कॉट, एक चादर, आणि बायकोची सवय. बुद्धी इतके दिवस हेच सांगत होती, आणि आज तिचं ऐकायला काही हरकत नव्हती. एकच दिवस. उद्या पुन्हा उठता येईल.

शांतता लांबत गेली. मग भिंतीवर काहीतरी घासलं. पंजा टेकवून वरून खाली ओढावा तसं, सावकाश. एकदा. थोड्या वेळाने आणखी एकदा, जरा खालून.

त्याने मास्कचा पट्टा एक घर घट्ट केला आणि भिंतीकडे पाठ केली.

तशी झोप त्याला आयुष्यात लागली नव्हती. रात्री मशीन गच्चीवर असं बसलं की कुणाला धक्काही जाणवला नाही. सिग्नलवाल्याने खालून दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या.

नंतरचे दिवस घर शांत होतं. तो रोज पोटभर झोपला. छोट्या खोलीचं दार त्याने उघडलं नाही.

९

बायको आली ती सकाळची, तो कामावरून येऊन बूट काढत असताना. तिने बॅग खाली ठेवली. मान किंचित तिरकी करून उभी राहिली, कान देऊन. मग सरळ छोट्या खोलीत गेली.

तो बाहेरच्या खोलीतच थांबला.

"कुशीवर हो रे," तिचा आवाज आला. "कुशीवर हो ना." किती वेळ तरी ती तेच म्हणत होती, कधी थोपटत, कधी नुसतंच. नंतर तिने म्हणायचं सोडून दिलं.

बऱ्याच वेळाने आत खिडकी उघडल्याचा आवाज झाला. ती चादर घेऊन बाहेर आली, बादलीत भिजत घातली, हात साबणाने कोपरापर्यंत धुतले. डोळे लाल होते, पण ती रडत नव्हती. येऊन शिलाईच्या मशीनवर बसली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

"अगं," तो म्हणाला, "पोरीचा पाय कसा आहे?"

तिने वर बघितलं. कपाळ, डोळे, ओठ, एकेक करून निरखलं; ओळखीच्या कुणाची तरी आठवण करून देणाऱ्या परक्या माणसाकडे आपण बघतो तसं. मग तिच्या लक्षात आलं की आपण टक लावून बघतोय, आणि ती ओशाळली. दोरा तसाच ठेवून ती उठली, भिंतीलगतची खुर्ची पुढे ओढली आणि बैठकीवर साचलेली धूळ हाताने झटकली.

"बसा ना," ती म्हणाली. "तुम्ही उभे का?"